तोळामासा प्रकृती आणि साडेतीनशे रुपयांचा काटा

घरी केक करणाऱ्यांच्या ओट्यावर दिसतो तोच हा पांढऱ्या प्लॅस्टिकचा काटा. दहा किलोपर्यंत मोजतो, एका ग्रॅमची अचूकता, दोन पेन्सिल सेल, ऑनलाइन ३४९ रुपये. लोक त्यावर मैदा, लोकर, कुरिअरची पार्सलं मोजतात. मी त्यावर आजारी हॅमस्टर मोजली, सलग ४१ दिवस.

कोल्हापुरात गुजरीतल्या एका सराफी पेढीवर माझी ३३ वर्षं काट्यासमोर गेली. त्यामुळे खोकं उघडल्याबरोबर आधी परीक्षा घेतली. दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं ७.७१ ग्रॅमचं असतं. दहा नाणी ठेवली, आकडा आला ७७. मधून काढून कडेला ठेवली, तरी ७७. पेढीवर असला काटा मी दारात उभा केला नसता, पण ३४९ रुपयांत याहून काय मागायचं?

हॅमस्टर नातीची. सोनेरी रंगाची, नाव बिस्किट. नात खायच्या बिस्किटावरून म्हणाली, मी पेढीवरचं बिस्किट समजलो. मुलाची बदली बंगळूरला झाली आणि पिंजरा आमच्याकडे राहिला. वय पावणेदोन वर्षं, म्हणजे या जातीत म्हातारीच. दोन-अडीच वर्षांच्या पुढं फार थोड्या जातात.

तिनं खाणं सोडलं तेव्हा जवळच्या दवाखान्यात नेली. तिथला काटा कुत्र्यांचा. त्यावर बिस्किट ठेवली की ०.१ किलो, उचलली तरी कधी कधी ०.१ किलोच. शेजाऱ्यांनी नातवाचं उरलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप आणून दिलं, 'दोन थेंब द्या' म्हणून. बरं झालं, देण्याआधी पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते असले छोटे प्राणी बघतात. पेनिसिलिनच्या जातीचं औषध हॅमस्टरच्या आतड्यातले चांगले जंतू मारतं, वाईट माजतात आणि जनावर काही दिवसांत जातं, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "काका, वजन किती?" मी म्हणालो, "मूठभर." ते हसले नाहीत. "औषध ग्रॅमवर ठरतं. आधी काटा घ्या."

पहिल्या दिवशी १२८ ग्रॅम. जुन्या हिशेबानं बरोबर अकरा तोळे. आणि या काट्याची एका ग्रॅमची पायरी म्हणजे जवळपास एक मासा. तोळामासा प्रकृती हा शब्द मी जन्मभर बोललो, त्याचं माप मात्र निवृत्तीनंतर बघितलं.

आता वापराबद्दल. हॅमस्टर काट्यावर बसत नाही. स्टीलचा उंच डबा ठेवायचा, आत रुमाल, शून्याचं बटण दाबायचं, मग तिला सोडायचं. तरी आकडा नाचतो: १२६, १३१, १२४. हा काटा आकडा धरून ठेवत नाही. मी खोलीतला दिवा घालवायचो, तिच्यापुढं काकडीची पातळ चकती धरायचो आणि ती हुंगायला थांबली की वाचायचो. फार वेळ लागला तर काटा स्वतःच बंद. पुन्हा शून्य, पुन्हा काकडी. सौ. म्हणायच्या, "अहो, इतकं तर माझ्या पाटल्या मोजताना केलं नव्हतं."

दुसरी खोड एककाच्या बटणाची. ते शून्याच्या बटणाला चिकटून आहे. एका संध्याकाळी आकडा आला साडेचार! माझे हातपाय गार. औंस होते ते.

तिसरी, बारीक वजन. उरलेल्या सूर्यफुलाच्या बिया एकेक टाकत मोजायला गेलो, तर काटा शून्यावर ढिम्म. एकदम मूठभर टाकल्या तरच कळतं. सोनाराचा खिशातला काटा घ्या म्हणाल, तर त्याचं तबक चिमणीएवढं आणि श्वास लागला तरी तो हलतो. पेढीवर आम्ही काचेच्या पेटीत ठेवायचो तो उगीच नाही.

नवव्या दिवशी ११९ झाले. साठ किलोच्या माणसाचे चार किलो जावेत, तसं. इन्शुलिनच्या सिरिंजची सुई काढून पातळ पेज ओठांच्या कडेनं थेंब थेंब द्यायला लागलो. पुढे घुसवायची नाही, तिनं चाटलं तरच. मग वजन चढलं. एके दिवशी एकदम नऊ ग्रॅम! मी बंगळूरला फोन लावला, पेढे आणायचेच बाकी होते. तेवढ्यात तिनं गालाच्या थैल्यांतून बिया आणि मक्याचे दाणे काढून डब्यात ओतले. त्या दिवसापासून मोजण्याआधी गाल बघायचे, असा नियम केला.

पण पुढं गाल रिकामे असतानाही चढतच गेलं. १२४, १२९, १३५, १४१. आम्ही खूश. पोट गोल झालेलं, बघायलाही बरं वाटायचं. पुण्याला दाखवायला नेली तर डॉक्टरांनी वही वाचली, बिस्किटला तळहातावर घेतलं आणि माझं बोट तिच्या पाठीवर ठेवलं. मणके. एकेक मोजता येईल असे, पिनांच्या ओळीसारखे. अंगाचं मांस उतरत होतं आणि पोटात पाणी भरत होतं. काटा खरंच सांगत होता, मी पाण्याला मांस समजून वाचत होतो. म्हाताऱ्या हॅमस्टरच्या, त्यातही माद्यांच्या मूत्रपिंडात अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं, बहुधा तेच आहे, म्हणाले. बरं होणारं नव्हतं. पाणी उतरवायचं औषध दिलं, तेही रोजच्या ग्रॅमवर मोजून. चार दिवसांत १३०, श्वास मोकळा झाला, रात्री चाकावर दोन फेऱ्या मारल्या. त्यानंतर घसरणच.

४१व्या दिवशी संध्याकाळी तिला डब्यात ठेवलं आणि आकडा लगेच थांबला. १०३. नाचला नाही. गारठ्यात हॅमस्टर मेल्यासारखे निपचित पडतात, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशी तासभर धरून बसलो. मिशा हलल्या नाहीत.

काट्याला चार तारे. एक कापला तो त्या औंसाच्या बटणाचा. सेल अजून पहिलेच आहेत. घेणार असाल तर एककाच्या बटणावर पहिल्याच दिवशी चिकटपट्टी लावा, आणि शेजारी वही ठेवा. वहीत ग्रॅमच्या पुढं एक रकाना पाठीचा आखा.