खाडीतले खेकडे आणि आयनॅचरलिस्ट: नोंदीला चोख, ओळखीला जपून

खाडीच्या चिखलातले खेकडे नोंदवायला आयनॅचरलिस्ट हे ॲप हाताशी हवंच. पैसे लागत नाहीत, रेंज नसली तरी नोंद फोनमध्ये साठते आणि नंतर चढवता येते. तारीख, वेळ, जागा आपोआप टिपली जाते. वेळ नोंदलेली असली की भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पाण्याची स्थितीही काढता येते. नोंदवही म्हणून पूर्ण गुण.

ओळखीचं मात्र वेगळं. ॲप फोटो आणि जागा पाहून नावं सुचवतं, पण बहुतेक फोटो पाठीचे असतात आणि खेकड्याची खूण बऱ्याचदा भलतीकडेच असते. चिखलातला मोठा खेकडा घ्या. 1998 मध्ये त्याच्या स्किला या वंशाची फेरमांडणी होऊन चार प्रजाती ठरल्या. त्यातल्या सेराटाच्या डोळ्यांमधले दाते उंच असतात, नांगीच्या मनगटाच्या बाहेरच्या कडेवर दोन ठळक काटे असतात आणि सगळ्या पायांवर जाळीदार नक्षी असते. ऑलिव्हेसियाचे डोळ्यांमधले दाते बुटके व गोलसर, मनगटावरचे काटे खुजे, नक्षी नसते किंवा फिकी असते. पाठीच्या एका फोटोत यातलं सगळं येत नाही. रंगावर तर मुळीच जाऊ नका.

म्हणून एकाच खेकड्याचे निदान पाच फोटो एका नोंदीत घाला: पाठ, पोट, समोरून चेहरा, नांगीची बाहेरची बाजू आणि आतली बाजू. फिडलर खेकड्यांत (यांच्या नराची एक नांगी खूप मोठी असते) मोठ्या नांगीच्या आतल्या बाजूवरचे बारीक दाणे, त्यांची रांग कुठून कुठे जाते, यावर बरंच ठरतं. तिथेच चिखल घट्ट बसतो. त्याच खाडीचं पाणी बाटलीत घ्या, मऊ टूथब्रशने नांगी हलकेच धुवा, पांढऱ्या ताटलीत पट्टीशेजारी ठेवा. ओल्या कवचावर फ्लॅश मारला की दाणे चकाकीत बुडतात. त्यापेक्षा अंगाची सावली धरा. पुढचा कॅमेरा वापरू नका, काही फोनमध्ये चित्र उलटं साठतं आणि उजवी नांगी डावी होते. फोटो झाले की खेकडा त्याच बिळाशी सोडा.

पोटाच्या फोटोवरून नर-मादी कळते: नराची पोटपट्टी अरुंद, त्रिकोणी, पूर्ण वाढलेल्या मादीची रुंद आणि गोल. कोवळ्या मादीची पट्टी अरुंदच असते, तिथे घाईने ‘नर’ लिहू नका. खारफुटीतल्या चौकोनी पाठीच्या सेसार्मिड खेकड्यांत कित्येकदा नराचे जननपाद (पोटपट्टीखालचे मिलनाचे अवयव) तपासल्याशिवाय प्रजाती सांगताच येत नाही. अशा वेळी कुळावर थांबणं हीच अचूक नोंद. ॲप तशी सोय देतं, ती वापरा. सूचना दिसली की प्रजातीवर बोट ठेवायची सवय फार नुकसान करते, कारण प्रजातीच्या पातळीवर दोघांचं एकमत झालं तरी नोंद ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगी, ठरू शकते, आणि दोघंही त्याच सूचनेमागे गेलेले असू शकतात.

कात आणि मेलेला खेकडा यांतही गल्लत होते. कात हलकी, पोकळ असते, मागच्या बाजूला उघडलेली. ॲपमध्ये तिची वेगळी खूण आहे. 2016 मध्ये फिडलरांचा जुना ‘उका’ वंश फोडून त्याचे 11 वंश केले गेले, त्यामुळे जुन्या यादीशी ताळा करताना नाव बदललेलं दिसेल.

नकाशावरचं जागेचं वर्तुळ, म्हणजे जागा किती अचूक टिपली ते दाखवणारा घेर, नेहमी तपासा. जीपीएस भरकटला की चिखलातला खेकडा नकाशावर भर प्रवाहात पडतो. नोंद चढवण्याआधी वर्तुळ हाताने सरकवा.

एक उणीव मोठी. ॲप ‘इथे होता’ एवढंच सांगतं; ‘शोधला, नव्हता’ हे त्यात बसत नाही. एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून बिळं मोजत असाल, तर रिकाम्या चौकटींसाठी वेगळा तक्ता ठेवा आणि ॲपमधल्या टिपेत चौकटीचा क्रमांक लिहा.