बॅटलशिप ओरेगन स्मारक, पोर्टलंड: जहाज गेलं, डोलकाठी राहिली

चार तारे देतेय. त्यातला एक बाबांचा, नाहीतर मी तीनवरच थांबले असते.

अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या हिल्सबरोत राहून सहा वर्षं झाली. विलामेट नदीकाठच्या वॉटरफ्रंट पार्कात निदान वीसेक वेळा गेले असेन. मार्चअखेर बर्नसाइड पुलाच्या पलीकडे चेरी फुलते, शनिवारी पुलाजवळ बाजार भरतो. पुलाच्या अलीकडे एक उंच लोखंडी खांब आहे. तो मी इतक्या वर्षांत झेंड्याचा खांब समजत होते, हे कबूल करते.

यंदा आईबाबा आलेत. बाबा मुंबईच्या गोदीत फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पाणी दिसलं की काठाला कायकाय बांधलंय हे आधी बघणार. ओक स्ट्रीटला मॅक्समधून, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेतून उतरून आम्ही बाजाराकडे निघालो होतो, तर बाबा मागेच राहिले. जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन, चष्मा कपाळावर चढवून खांब न्याहाळत उभे.

"अगं, ही डोलकाठी आहे. लढाऊ जहाजाची. रिबिटं बघ."

बघितली. पत्रा पत्र्यावर चढवलेला आणि कडेने बटणांसारखी एकसारखी डोकी. वेल्डिंगच्या आधीचं काम. एकाने आत तापलेला रिबिट धरायचा, दुसऱ्याने बाहेरून ठोकायचा, असं बाबा नातीला हातवारे करून सांगत होते. वर गोल मचाणं दिसतात, त्यांत उभं राहून खलाशी टेहळणी करायचे. रंगाचे थर बसून बसून काही रिबिटांची डोकी अगदी गुळगुळीत झाली आहेत. ते मी एरवी पाहिलंच नसतं.

पाटी वाचा, पण जाण्याआधी घरूनच थोडं वाचून जा. नाहीतर खांब खांबच राहतो. 'ओरेगन' ही अमेरिकी युद्धनौका 1893 साली सॅन फ्रान्सिस्कोत पाण्यात उतरली. 1898 ला स्पेनशी युद्ध पेटणार असं दिसताच तिला पॅसिफिककडून अटलांटिककडे बोलावलं. पनामा कालवा तेव्हा कुठे होता! दक्षिण अमेरिकेला अख्खा वळसा घालून, जवळजवळ 14,000 सागरी मैल, 66 दिवसांत ती फ्लोरिडाला पोचली. बॉयलरमध्ये कोळसा ओढणाऱ्यांचे हाल बाबांना लगेच कळले, मला कळायला वेळ लागला. तिथून क्युबातल्या सँटियागोच्या लढाईत. कालवा का हवा हे अमेरिकेला पटवून देताना पुढे याच प्रवासाचा दाखला दिला गेला.

आता जो भाग मला झोंबला. 1925 ला हे जहाज पोर्टलंडला संग्रहालय म्हणून आलं. लोक बघायला यायचे. मग दुसरं महायुद्ध, पोलादाची टंचाई. डिसेंबर 1942 मध्ये ते 35,000 डॉलरला भंगारात विकलं. वरचा भाग उतरवून झाल्यावर नौदलाला वाटलं, अरे, सांगाडा अजून कामाचा आहे! त्यात दारूगोळा भरून तो पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर ओढत नेला. 1948 च्या वादळात तो साखळदंड तोडून सुटला आणि काही आठवड्यांनी सुमारे 500 मैलांवर सापडला. शेवटी 1956 ला जपानमध्ये कावासाकीला त्याचे तुकडे झाले. त्याच 1956 साली इथे स्मारक उभं राहिलं. धड तिकडे, डोलकाठी इकडे.

हे सांगितल्यावर बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आपल्या विक्रांतचं तरी काय वेगळं झालं?"

खरंच नाही झालं. 71 च्या युद्धात जिच्यावरून विमानं चितगाव आणि कॉक्सबाजारवर गेली ती विक्रांत 2001 पासून मुंबईत संग्रहालय होती. मी शाळेच्या सहलीत तिच्या डेकवर डबा खाल्लाय, मेथीचे ठेपले. 2012 ला बंद, 2014 ला साठ कोटींना लिलाव, मग मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडणी. धातूचा थोडा भाग मोटारसायकलींत गेला, थोडा लायन गेटजवळच्या स्मारकात. ते स्मारक मी बसमधून पाहिलंय. गाडी सिग्नलला थांबते तेवढंच.

म्हणून पोर्टलंडचा चौथा तारा. खांब रस्त्याच्या मधोमध अडकलेला नाही, नदीच्या काठी आहे. पलीकडे पाणी आहे, होड्या जातात. डोलकाठीने जिथे असावं तिथेच ती आहे. तिकीट नाही, रांग नाही.

पाचवा तारा का नाही? एवढं मोठं जहाज होतं हे त्या एका खांबावरून समजत नाही. शेजारी जमिनीवर त्याच्या लांबीची नुसती रेघ मारली असती तरी पोरांनी तिच्यावरून शर्यत लावली असती.

चेरी फुललेली असताना जाऊ नका, फोटोवाल्यांच्या गर्दीत इकडे लक्षच जात नाही. पावसाची रिपरिप असेल तर उत्तम, पण छत्री घ्या, इथले लोक घेत नाहीत म्हणून लाजू नका.

एक राहिलंच. स्मारकात 1976 साली एक पेटी बंद करून ठेवली आहे, ती 5 जुलै 2076 ला उघडायची आहे. माझ्या मुलीने तिथल्या तिथे आजोबांच्या फोनवर त्या तारखेचा रिमाइंडर लावला. फोनने मुकाट्याने घेतला.

बाबांनी विचारलं, "आदल्या दिवशी पण वाजेल ना गं?"