बागेच्या विजेसाठी डीडब्ल्यूसी पाइप : दोन पावसाळ्यांनंतरचे मत

सांगलीजवळ पाच गुंठ्यांच्या प्लॉटवर घर बांधताना बागेतले दिवे, बोअरचा पंप आणि फाटकाची मोटर यांच्या केबलींसाठी आम्ही जमिनीखाली दुहेरी भिंतीचे एचडीपीई (एक प्रकारचे चिवट प्लास्टिक) पाइप टाकले. बाजारात त्यांना डीडब्ल्यूसी, म्हणजे डबल वॉल कॉरुगेटेड, म्हणतात. आता दोन पावसाळे उलटल्यावर त्यांच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते.

हा पाइप बाहेरून वळ्यावळ्यांचा आणि आतून गुळगुळीत असतो. वळ्यांमुळे तो वरच्या मातीचा आणि गाडीचा भार पेलतो, तर आतल्या गुळगुळीतपणामुळे केबल ओढताना अडत नाही. स्लॅबमध्ये घालतात तो साधा पीव्हीसी कंड्युइट जमिनीत कुणीही वापरू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आमची माती काळी आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि या ओढाताणीत कडक पाइपाचे चिकटवलेले सांधे सुटू लागतात. डीडब्ल्यूसी मातीबरोबर थोडा वाकतो. तरीही चरात खाली आणि वर वाळूचा थर देऊन उरलेली भर मुरमाची केली, ते योग्यच झाले. खरेदी करताना पाइपावर आयएस 14930 हा भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावा.

मुख्य मार्गाला बाहेरून 63 आणि आतून 50 मिलिमीटरचा पाइप घेतला, दिव्यांसाठी 50/38 पुरला. केबलींनी पाइपाच्या आतील जागेपैकी 40 टक्क्यांहून अधिक जागा व्यापू नये, हा नियम पाळल्यामुळे ओढकाम सहज झाले. शिवाय एक पाइप नायलॉनची दोरी घालून रिकामाच ठेवला होता; पुढे फाटकावर कॅमेरा बसवताना त्याची वायर एकही पेव्हर न उचलता त्यातून गेली.

त्रास झाला तो सांध्यांचा. दुकानातून आलेल्या कपलरांपैकी काहींत रबरी रिंगच नव्हती आणि हे चर बुजवण्याच्या आदल्या संध्याकाळी लक्षात आले. रिंग असली तरी जमिनीखालच्या पाइपात कधी ना कधी पाणी किंवा दमटपणा शिरतोच, असे धरून चालावे. म्हणून पाइपाच्या आत केबलीला एकही जोड ठेवू नये, केबल आर्मर्ड (पोलादी तारांचे किंवा पट्ट्यांचे कवच असलेली) घ्यावी, जोड चेंबरमध्येच करावेत आणि चेंबरचा तळ सिमेंटने बंद न करता तिथे खडी भरावी. बागेच्या सर्किटला 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असणे मी अनिवार्य मानतो, कारण ओल्या मातीत अनवाणी वावरणारी माणसे आपलीच असतात. गुंडाळीत येणारा पाइप चरात सरळ बसत नाही, पुन्हा गोल होऊ पाहतो. त्यावर ठिकठिकाणी मुरमाची पाटी ओतत पुढे सरकावे लागते.

ठिबकाच्या पाण्यासाठी मात्र हा पाइप नाही. त्याची 32 मिलिमीटरची पीव्हीसी लाइन वेगळ्या चरातून नेली आणि पेव्हरखाली ती 110 मिलिमीटरच्या पाइपातून ओवली, म्हणजे गळती झाल्यास ओढून बदलता येईल. ठिबकाचे पाणी विजेवर उघडबंद करणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह 24 व्होल्टचे असल्याने त्यांच्या वायरीही विजेच्या केबलीपासून वेगळ्या ठेवल्या. चार व्हॉल्व्हना पाच तारा लागतात (प्रत्येकाला एक आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक), आम्ही सात तारांची वायर घेतली. आणखी एक हिशेब आधीच करावा : टाकीतले पाणी साधारण नऊ मीटर उंचीवर असेल, तर खाली जेमतेम 0.9 किलो (प्रति चौरस सेंटीमीटर) दाब मिळतो आणि फिल्टरमधून जाताना तोही घटतो. ठिबकाला एक किलोच्या आसपास दाब हवा असतो, म्हणजे छोटा पंप आला आणि पंप आला की त्याची केबलही आली. वीज आणि पाणी यांचा आराखडा एकाच कागदावर हवा, तो यासाठीच.

हे सारे प्लिंथ बीमचे (जोत्याच्या पातळीवरच्या तुळईचे) काँक्रीट पडण्यापूर्वी ठरलेले असावे. आम्ही बीममधून बाहेरच्या बाजूला उतार देऊन चार पाइपांचे तुकडे सोडले होते. पाचवा हवा होता, तो नंतर कोअर कटरने पाडावा लागला आणि त्यात बीमची सळई कापली जाणार नाही ना, या काळजीत पूर्ण दिवस गेला. फाटकाकडे जाणाऱ्या वाटेखाली पुन्हा काम करायचे झाले तर मी 63 ऐवजी 90 मिलिमीटरचा पाइप घालीन. चर बुजवण्यापूर्वी कुंपणाच्या भिंतीपासून टेप धरून काढलेले फोटो आजही उपयोगी पडतात; गेल्या जूनमध्ये आंब्यासाठी खड्डा घेताना कुदळ केबलीपासून दोन फूट दूर ठेवता आली.