परदेशी गुंतवणुकीचा ऑनलाइन कोर्स केला: उघडणं छान शिकवतात, बंद करणं उरकून टाकतात

कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, या विषयाचे अजून दोन कोर्स चाळले तेही ह्याच साच्यातले निघाले. आठ आठवड्यांचा आहे, मी सहात संपवला.

घेतला का ते आधी सांगतो. आम्ही ज्या प्लांटला पार्ट पुरवायचो तो परदेशी मालकाचा प्लांट बंद झाला आणि आम्हाला ते कळलं एका मेलवर, चार ओळींच्या. तेव्हापासून डोक्यात एकच किडा, हे असलं ठरवतं कोण आणि कसं.

पहिले चार आठवडे खरंच मस्त. परदेशी कंपनीत १० टक्के किंवा जास्त मतदानाचा हक्क घेतला की ती थेट गुंतवणूक, त्याखाली नुसते शेअर घेतल्यासारखं, इथपासून सुरुवात. मग जमीन घेऊन नवा कारखाना टाकायचा की चालू कंपनी विकत घ्यायची, जॉइंट व्हेंचर कधी फसतं वगैरे. कंपन्या परदेशात कारखाने का टाकतात यावरची अर्थतज्ज्ञ डनिंगची थिअरी शिकवणाऱ्या मॅडमनी तीन प्रश्नांत बसवली: आपल्याकडे असं काय आहे जे तिथल्या कंपन्यांकडे नाही, नेमकं तिथेच का जायचं, आणि लायसन्स देऊन मोकळं व्हायच्या ऐवजी स्वतःच का करायचं. इतकं सोपं करून मी आधी कुठे ऐकलं नव्हतं, त्याला पूर्ण मार्क.

पण मला वाटत होतं आता हेच तीन प्रश्न उलटे फिरवतील, म्हणजे यातलं एकाचं उत्तर बदललं की कंपनी निघते, कारखाना बंद का होतो याचं अर्धं उत्तर तिथेच आहे की! तर नाही. वॉलमार्ट १९९७ ला जर्मनीत गेलं आणि २००६ ला ८५ दुकानं मेट्रो या तिथल्याच रिटेल कंपनीला विकून परत आलं, यावर दोन लेक्चर (ही केस प्रत्येक कोर्सला असतेच, आता पाठ झालीय), आणि फॅक्टरी बंद करण्यावर अख्ख्या कोर्समध्ये एक वीस मिनिटांचा व्हिडिओ.

त्यात नोकिया. २००८ ला जर्मनीतला बोखुमचा प्लांट बंद केला, दोन हजारांवर लोकांचं काम गेलं, प्रॉडक्शन रोमानियात क्लुजजवळ नेलं. कारण काय तर मजुरी स्वस्त. संपलं! अहो पण तो रोमानियाचा प्लांटही २०११ मध्ये बंद करायचं जाहीर केलं ना, मजुरी काय तीन वर्षांत जर्मनीएवढी झाली का? काम आशियात नेलं कारण सुटे भाग देणारे बहुतेक सगळे तिकडे आणि स्वस्त फोनचा धंदाही तोवर हातातून निसटत होता. हे मला इंटरनेटवर वाचून कळलं, कोर्समध्ये नाही.

ऑस्ट्रेलियाला तर एकच स्लाइड. फोर्डने मे २०१३ मध्ये सांगितलं इथे गाड्या बनवणं आम्ही थांबवतोय, डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने होल्डनचं (त्यांचा तिथला ब्रँड) सांगितलं, फेब्रुवारी २०१४ ला टोयोटा. नऊ-दहा महिन्यांत तिघंही. महाग ऑस्ट्रेलियन डॉलर आणि कमी केलेला आयात कर ही कारणं स्लाइडवर आहेत, बरोबर आहेत. पण तिघांचे बरेचसे व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे, एकच होते, दोन गिऱ्हाइकं गेली की तिसऱ्यासाठी व्हेंडरला कारखाना चालवणं परवडत नाही आणि व्हेंडर नसतील तर तिसरा राहणार कसा. ऑक्टोबर २०१७ ला आधी टोयोटाची आणि मग होल्डनची शेवटची गाडी निघाली. मी व्हेंडरच्या बाजूचा माणूस, मला हेच पाहिजे होतं, आणि 'व्हेंडर' हा शब्द त्या व्हिडिओत एकदाही नाही.

क्विझने तर डोकंच फिरवलं. होंडाने इंग्लंडमधला स्विंडनचा कार प्लांट का बंद केला, चार पर्याय, मी इलेक्ट्रिक गाड्यांकडे वळणं निवडलं, चूक! बरोबर उत्तर म्हणे ब्रेक्झिट. कंपनीने २०१९ लाच सांगितलं होतं की कारण ते नाही, आणि त्याच घोषणेत तुर्कीत बनणारी सिव्हिक गाडीसुद्धा २०२१ मध्ये थांबवतोय म्हणाले, तुर्कीत कुठलं ब्रेक्झिट? शिवाय जपान आणि युरोपचा व्यापार करार त्याच महिन्यात लागू झाला, जपानमधून येणाऱ्या गाडीवरचा १० टक्के कर टप्प्याटप्प्याने शून्यावर जाणार होता, मग युरोपात बनवायची गरजच कमी. कंपनी सांगते ते सगळं खरं मानायचं असं नाही म्हणत मी, पण निदान वाद तरी दाखवा.

शेवटच्या असाइनमेंटला मी बाहेर पडायचा प्लॅन लिहिला, कामगारांशी कधी बोलायचं, व्हेंडरला किती महिने आधी सांगायचं, मिळालेली सबसिडी परत करावी लागेल का. तपासणारे आपल्यासारखेच विद्यार्थी असतात, दोघांनी शेरा मारला 'टॉपिक सोडून'.

एमबीएची तयारी करताय किंवा एक्स्पोर्टमध्ये नवीन आहात तर घ्या, पहिली चार मॉड्युल नक्की बघा, पुढचं दीडपट स्पीडवर. पाचपैकी तीन स्टार. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, दुरुस्तीसाठी दोन मेल टाकले, अजून चार ओळींचं उत्तरही नाही आलं.