सुई की चक्र?

पीएचडी नुकतीच सुरू केलेल्या धाकट्या मैत्रिणीने विचारलं, "ताई, पॉलिमरचे बारीक तंतू काढायला इलेक्ट्रोस्पिनिंग घेऊ की सेंट्रिफ्युगल स्पिनिंग?"

दोन्हींत द्रवाची धार ताणून तंतू होतो. इलेक्ट्रोस्पिनिंगमध्ये सुईतून निघणारी ती धार विद्युतक्षेत्र ओढतं, सेंट्रिफ्युगलमध्ये मिनिटाला हजारो फेरे घेणारं चक्र फेकतं. जत्रेत साखरेचे ‘म्हातारीचे केस’ निघतात, तीच ही दुसरी रीत.

मी आधी उत्पादन बघते. सुईतून 10 टक्क्यांचं द्रावण तासाला 1 मिलिलिटर सोडलं, तर तासाभरात हाती येतात जेमतेम 0.1 ग्रॅम तंतू. चक्राचा हिशेब मिनिटाला ग्रॅममध्ये चालतो. हा फरक लहान नाही, गं.

कच्च्या मालातही चक्र उदार. सुईला साधारण 10 ते 30 किलोव्होल्ट आणि थोडी तरी विद्युतवाहकता असलेलं द्रावण लागतं. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकला खोलीच्या तापमानाला चांगला द्रावक मिळत नाही. चक्रात ते वितळवून घालता येतं आणि द्रावकाच्या विषारी वाफाही टळतात.

बारीकपणात मात्र सुईच सरस. 100 नॅनोमीटरच्या आसपासचे, बऱ्यापैकी एकसारखे तंतू तिथे मिळतात. चक्राचे सहसा काहीशे नॅनोमीटर ते काही मायक्रॉन, जाडीही कमीजास्त. द्रावण फार पातळ असेल तर दोन्हींकडे तंतूंऐवजी थेंबांचे मणीच पडतात.

खर्च? सुईची मांडणी साध्या प्रयोगशाळेत जमते. चक्राला नेमका तोल आणि भक्कम आवरण हवंच, तिथे काटकसर करू नकोस.

पेशी वाढवायची छोटी जाळी करायची असेल तर सुई घे. गाळणीसाठी मीटरभर कापड हवं असेल तर चक्र.