तणरोधक कापड, उसाचं पाचट आणि खुरपं: नऊ महिन्यांनंतर

मेअखेरीस परसात तणरोधक कापड अंथरलं. मध्ये एक अख्खा पावसाळा गेला, म्हणून आता लिहिते. आम्ही कऱ्हाडजवळ राहतो. काळी जमीन, परस जेमतेम अर्धा गुंठा. वांगी, मिरची, गवारीचे वाफे, कडेला जास्वंद, अनंत, कढीपत्ता. दर श्रावणात मिरची शोधावी लागायची इतकं तण, आणि सासूबाई वाकून वाकून खुरपायच्या. त्यांची कंबर धरली तेव्हाच ठरवलं की यंदा काहीतरी करायचंच.

आधी स्वस्तातला पातळ काळा कागद आणला होता. तीन आठवड्यांत लव्हाळ्याने तो भोसकला, सुईसारखी टोकं सरळ वर! मग 100 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाचं, विणलेलं कापड घेतलं. चौरस मीटरला 30 रुपयांच्या आसपास पडलं. पाणी खाली झिरपतं, उजेड जात नाही. वाफ्यांमधल्या वाटांवर ते उत्तम चाललंय, तिथे नऊ महिन्यांत खुरपं लावलेलं नाही. पण कात्रीने कापलं की कडेचे धागे सुटतात, त्या कडा दुमडून खिळे मारा. वर माती साचली की त्या मातीतही तण उगवतं, म्हणून अधूनमधून झाडावं लागतं.

वाफ्यात मात्र कापड नको. शेणखत घालता येत नाही, उन्हाळ्यात तापतं. तिथे उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, तीन-चार इंच पसरलं. आमच्या भागात ते सहज मिळतं. खालची माती भर दुपारीही ओलसर, मूठभर उचलली तर गांडुळं. जुलैत पाचटाखाली गोगलगायी फार झाल्या, मिरचीची रोपं रात्रीतून खाल्ली. गूळपाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी टाकून सकाळी त्याखालच्या गोगलगायी वेचल्या, आठवड्यात आटोक्यात आल्या.

तण इतकं भराभर का येतं, ते यंदा डोळ्यांनी पाहिलं. एक वाफा मी खोल खणला, शेजारचा नुसता वरवर हलवला. खणलेल्यात तण कितीतरी जास्त. खाली गाडलेलं बी वर आलं, आणि बऱ्याच बारीक बियांना उगवायला उजेडच लागतो. दुसरं कारण आमचंच शेणखत. नीट कुजलेलं नव्हतं, त्यातून माठ आणि कुर्डू ढिगाने उगवले. आता खत पूर्ण कुजून काळं, भुसभुशीत झाल्याशिवाय वाफ्यात जात नाही. गाजर गवताचं तर एकच झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं. त्याने अंगाला खाज सुटते.

लव्हाळ्यासाठी मात्र ना कापड पुरं पडलं ना पाचट. वरून ओढला की पात हातात येते आणि गाठ खालीच राहते. ओल्या मातीत खुरपं तिरपं खोल घालून एक झाड अख्खं काढलं, तर दोऱ्यात ओवल्यासारख्या पाच गाठी निघाल्या. वरून काळ्या, आत पांढऱ्या, आणि वास थेट दिवाळीच्या उटण्याचा. हाच तो नागरमोथा. एकेक गाठ म्हणजे नवं झाड. उगवल्यावर तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरायला लागतात, म्हणून मी दर पंधरा दिवसांनी लव्हाळा काढायचा नेम ठेवला. काढलेल्या गाठी खतात टाकू नका, पत्र्यावर कडक उन्हात पार सुकवा.

तणनाशक मारा, असं अनेकांनी सुचवलं. घरच्या भाजीत मला ते नकोच होतं. शिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त पेस्ट कंट्रोलवाल्यांमार्फतच वापरायचा नियम 2022 मध्ये निघाला होता.

सगळंच उपटलं नाही. घोळीची भाजी दोन महिने खाल्ली. तिचा उपटलेला तुकडा ओल्या मातीवर पडला तरी मूळ धरतो, तेवढं सांभाळा. नळाजवळची हरळी सासूबाईंनी गणपतीच्या दूर्वांसाठी राखायला सांगितली, तिला विटांची कड घातली.

काल मिरचीच्या वाफ्यात लव्हाळ्याचे अकरा कोंब निघाले. जुलैत त्याच वाफ्यातून एका खेपेला पाटीभर निघाला होता. पुढची खेप पंधरा दिवसांनी.