एचसीपीसीची नोंदवही: तपासायला सोपी, पण दाराला कडी अर्धीच

ब्रिटनमध्ये एखादा सल्लागार स्वतःला ‘ऑक्युपेशनल सायकॉलॉजिस्ट’, म्हणजे नोकरी-कामाच्या जागेचा मानसशास्त्रज्ञ, म्हणवत असेल, तर ते खरं की नुसतंच कार्डावर छापलेलं, हे दोन मिनिटांत कळतं. एचसीपीसीच्या, म्हणजे अशा व्यावसायिकांची कायद्याने नोंदणी करणाऱ्या हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल या नियामक संस्थेच्या साइटवर नोंदवही उघडायची, व्यवसायांच्या यादीतून ‘प्रॅक्टिशनर सायकॉलॉजिस्ट’ निवडायचं आणि आडनाव टाकायचं. ‘पीवायएल’ने सुरू होणारा क्रमांक, गाव आणि नोंदणीची मुदत समोर येते. लॉगिन नाही, शुल्क नाही. इथवर पैकीच्या पैकी.

घाईत एक ओळ वाचायची राहून जाते, ती शाखेची. जुलै २००९ पासून मानसशास्त्रज्ञांची नोंदणी एचसीपीसीकडे आहे आणि क्लिनिकलपासून स्पोर्टपर्यंत सातही शाखा या एकाच यादीत येतात. नाव सापडलं एवढ्यावर खूश होऊन भरतीच्या चाचण्यांचं काम मानसिक आजारांवर उपचार करणाऱ्या क्लिनिकलवाल्याला दिलं, तर चूक नोंदवहीची नाही.

नोंदवहीची खरी उणीव वेगळीच आहे. कायद्याने राखून ठेवलंय ते ‘ऑक्युपेशनल सायकॉलॉजिस्ट’सारख्या ठरावीक पदनामांना, नुसत्या ‘सायकॉलॉजिस्ट’ला नाही. त्यामुळे ‘बिझनेस सायकॉलॉजिस्ट’, ‘ऑर्गनायझेशनल सायकॉलॉजिस्ट’, ‘वर्क सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी कुणीही लावावी. त्यातले कित्येक उत्तम शिकलेले असतात, नोंदणीची गरज वाटत नाही म्हणून बाहेर राहतात. पण गिऱ्हाइकाला चांगला-वाईट निवडायचा कसा? राखीव पदनाम चोरलं तरी गुन्हा ठरायला फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो, तशी अट एचसीपीसीचा मूळ कायदा असलेल्या २००१ च्या आदेशाच्या कलम ३९ मध्येच आहे. ऑस्ट्रेलियात ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्दच राखीव आहे आणि ‘ऑर्गनायझेशनल’ हे त्यावरचं जादा शिक्कामोर्तब. ब्रिटनमधल्या व्यावसायिक संघटनांनी जोर लावायचा तर याच मुद्द्यावर लावावा. सदस्यत्वाची नवी बिरुदं काढून ही फट बुजत नाही.

प्रशिक्षणाचा दर्जा कागदावर भक्कम आहे. नेहमीची वाट अशी: ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीला मान्य असलेली मानसशास्त्राची पदवी, मग मान्यताप्राप्त एमएससी, मग ‘स्टेज टू’ म्हणजे किमान दोन वर्षं देखरेखीखालचं काम आणि त्याचं मूल्यमापन. त्यानंतरच एचसीपीसीकडे अर्ज. नोंदणीनंतरची तपासणी मात्र पातळ वाटते. दर दोन वर्षांच्या नूतनीकरणाला काम करता करता चालू ठेवलेल्या शिक्षणाची नोंद प्रत्यक्षात मागवली जाते ती प्रत्येक व्यवसायातल्या अडीच टक्के लोकांची. बाकीच्यांचं ‘होय, केलंय’ एवढं चालतं.

पुण्या-मुंबईहून एमएससीला जाणाऱ्यांची गल्लत इथेच होते. वर्षभराची एमएससी झाली म्हणजे ‘ऑक्युपेशनल सायकॉलॉजिस्ट’ झालो, असं नाही. तो अर्धा रस्ता. त्यात ‘अ‍ॅक्रेडिटेड’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी लपतात. दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठीच्या कन्व्हर्जन एमएससीने फक्त मानसशास्त्राच्या मूळ पदवीची भरपाई होते, तर ‘स्टेज वन’ एमएससी ऑक्युपेशनलच्या वाटेवरची. माहितीपत्रकात दोन्हींवर सोसायटीचा तोच शिक्का दिसतो. फी भरण्याआधी विद्यापीठाला एकच प्रश्न ईमेलवर विचारा: हा कोर्स स्टेज टूच्या प्रवेशाला चालतो का? उत्तर लेखी घ्या. दोन वर्षांच्या कामासाठी व्हिसा, नोकरी आणि देखरेख करणारा माणूस, या तिन्हींची जुळणी एमएससी चालू असतानाच सुरू करावी लागते.

कंपनीच्या एचआरसाठी: सल्लागाराचं नाव नोंदवहीत नसेल तर लगेच फुली मारू नका, पण तीन गोष्टी मागा. ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीचं चार्टर्ड, म्हणजे पूर्ण पात्रतेचं, सदस्यत्व आहे का; चाचण्या वापरणार असेल तर सोसायटीच्या टेस्ट-यूजर, म्हणजे चाचण्या घ्यायला पात्र असलेल्यांच्या, नोंदवहीत नाव आहे का, आणि तिथेही क्षमता-चाचण्यांची पात्रता वेगळी, व्यक्तिमत्त्व-चाचण्यांची वेगळी; शिवाय तक्रार करायची झाली तर कुणाकडे. तिसऱ्या प्रश्नाला ‘आमच्याकडेच करा’ असं उत्तर आलं, तर करार करू नका. नोंदणीकृत माणसाविरुद्ध एचसीपीसीकडे जाता येतं, आणि नोंदणी रद्द करण्यापर्यंतचे अधिकार तिथे आहेत.

पाचपैकी साडेतीन. दीड गुण कापला तो त्या मोकळ्या सोडलेल्या ‘सायकॉलॉजिस्ट’ शब्दाचा.